काय झालं ते सांगा

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी बोलला, "तळमजल्यावरची ती येडी गेली ते एक बरं झालं. खोली मोकळी झाली, आता तिथे सायकली ठेवता येतील." सगळे हसले. मीही तिथेच होतो, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, हातात चहाचा कागदी कप. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. घरी आलो आणि मला माझीच चीड आली. तोंडात शब्द असताना गप्प बसणारा माणूस मला कधी आवडला नाही आणि बहात्तराव्या वर्षी मी तेच केलं. म्हणून लिहायला बसलोय. शाळा माझी सातवीपर्यंत. जन्मभर वायरमनचं काम केलं, कागदापेक्षा भिंतीवर पेन्सिलीने खुणा जास्त केल्या. चुका होतील. होऊ देत.

ती येडी म्हणजे नंदा साळवे. गोरेगाव पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एका खोलीत भाड्याने राहायची. पंचेचाळीस-शेहेचाळीस वय, बुटकी, केस आखूड कापलेले, अंगात कायम खिशाचा शर्ट आणि खिशात दोन पेनं, एक बारीक पेचकस. वडील बुलढाण्याकडून आलेले, छापखान्यात खिळे जुळवायचे. आई-वडील दोघं गेले, लग्न तिने केलं नाही. अर्ध्या खोलीत चूल आणि पलंग, अर्ध्या खोलीत लांब टेबल आणि त्यावर लोकांचे उघडे पडलेले लॅपटॉप. दार दिवसभर सताड उघडं.

आत गेलेल्या माणसाला ती "या, बसा" म्हणायची नाही. तो म्हणायचा, "मॅडम, माझा लॅपटॉप बिघडलाय." ती म्हणायची, "काय झालं ते सांगा."

"भाच्याने काहीतरी गेम टाकला ना, त्यामुळे–"

"ते राहू द्या. का ते सांगू नका. काय झालं?"

लोकांना राग यायचा. आपल्याकडे माणूस दुखणं सांगतानाही आधी कारण सांगतो. उसाचा रस प्यायलो म्हणून घसा धरला, नजर लागली म्हणून ताप आला. नंदाला ते चालायचं नाही. शेंगदाणे विकणाऱ्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांशी ती एकाच आवाजात बोलायची. वकिलांना ते जास्त लागायचं.

सेक्रेटरीचा तिच्यावर राग का, तेही सांगतो. आमची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामध्ये अडकायची. कंत्राटदार आला, पाच मिनिटं बघितलं, म्हणाला मोटर गेली, नवी घाला. सेक्रेटरीने लगेच होकार दिला आणि भाडेकरूंची पोरं बटणं दाबून खेळतात म्हणून झालं अशी नोटीसही लावली. नंदाने ती नोटीस वाचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल घेऊन लिफ्टमध्ये जाऊन बसली. दिवसभर. मांडीवर वही. लोक चढत होते, उतरत होते, ही लिहीत होती. कोण चढलं, कितव्या मजल्यावर, दार कसं लावलं. एक म्हातारी तिला विचारते, "अगो, तुला घरात पंखा नाय काय?" संध्याकाळी ती सेक्रेटरीकडे गेली आणि म्हणाली, "आज सात वेळा अडकली. सातही वेळा तिसऱ्या मजल्याचं दार हळू लावलं होतं. जोरात लावलं तेव्हा एकदाही नाही." दाराच्या वरच्या कोपऱ्यात एक पत्र्याची पट्टी असते, दार लागलं की ती टेकते आणि लिफ्टला कळतं. ती वाकली होती. मीच स्टुलावर चढून पकडीने सरळ केली. मोटरला काही झालं नव्हतं. त्या दिवसापासून ती येडी.

आता माझ्या बायकोचं सांगतो, कारण नंदाची आणि माझी खरी ओळख तिच्यामुळे.

सुमती माझ्यापेक्षा शिकलेली. अकरावी, वर टायपिंगच्या दोन परीक्षा. दिंडोशीच्या कोर्टाबाहेर फुटपाथवर तिचं टेबल होतं. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार टाइप करून द्यायची. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर, मग लॅपटॉप. वर मोठी छत्री, बाजूला छोटा प्रिंटर, पानवाल्याकडून घेतलेली वायर. ती वायर मी ओढून दिलेली. तिच्या बोटांना बघायची गरज नसायची, समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघून टाइप करायची.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिच्या डाव्या डोळ्यात सूज राहिली. उजेड बोचायचा. डॉक्टर म्हणाले काम करा, पण पडद्याचा उजेड अगदी कमी ठेवा. त्याच महिन्यात तिने नवा लॅपटॉप घेतलेला. कंपनीने स्वस्तात पडावा म्हणून आत फुकटातली सिस्टीम घालून दिलेला, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली असते ती. त्याचा उजेड कमीच होईना. बटण दाबलं की पडद्यावर पट्टी येते, विसाची एकोणीस, एकोणिसाची अठरा, पार तळाला जाते, आणि उजेड आहे तेवढाच. भर दुपारी गाडीचा दिवा तोंडावर मारल्यासारखा.

अंधेरीला कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे, तिथे गेलो. टाय लावलेला माणूस म्हणाला, पॅनल खराब. पॅनल बदललं. तेच. पुन्हा गेलो, म्हणाला मदरबोर्ड. मी विश्वास ठेवला. एसी होता, काच होती, टाय होता. घरी येऊन मी सुमतीला म्हणालो, "टेबल बंद कर आता. पुरे झालं."

ती म्हणाली, "तुम्ही शॉक लागून पडलात तेव्हा मी तुम्हाला वायरमनचं काम सोडा म्हटलं होतं काय?"

मग तिने स्वतःच उपाय काढला. छातीचा जुना एक्स-रे होता, तो कापून पडद्यावर चिकटपट्टीने लावला. काळी फिल्म, त्यामुळे उजेड मंद झाला. महिनाभर ती स्वतःच्या बरगड्यांवर लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करत होती. आलेले पक्षकार हसायचे. तीही हसायची. मला ते अजून हसण्यासारखं वाटत नाही.

एक दिवस लॅपटॉप छातीशी धरून ती माझ्यासोबत जिन्याशी उभी होती, तेव्हा नंदाने आतून बघितलं.

"काकू, पडद्यावर काय लावलंय?"

"अगं, पॅनल खराब आहे म्हणतात, म्हणून–"

"कोण म्हणतं ते सोडा. काय झालं ते सांगा."

सुमतीने आयुष्यभर प्रतिज्ञापत्रं टाइप केलेली. तिने तसंच सांगितलं. "एक, बटण दाबलं की पट्टी कमी होते. दोन, उजेड कमी होत नाही. तीन, मशीन लावलं की पहिले दोन क्षण उजेड मंद असतो, मग एकदम भसकन वाढतो."

नंदा हातातलं काम ठेवून उठली. "तिसरं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे कोणी? रोज बघते. डोळ्याला पहिला चटका तिथेच बसतो."

नंदाला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. म्हणाली, "काकू, तुमचं पॅनल ठणठणीत आहे. खराब असतं तर ते दोन क्षण तरी मंद कसं झालं असतं?"

मला तिने माझ्या भाषेत समजावलं. पडद्याच्या मागे एक बत्ती असते. त्या बत्तीला रेग्युलेटर असतो. या मशीनला दोन रेग्युलेटर दाखवलेले आहेत. एक खरा, बत्तीला जोडलेला. दुसरा नुसता भिंतीवर चिकटवलेला, मागे वायरच नाही. बटण दाबलं की हुकूम जातो त्या खोट्या रेग्युलेटरकडे. तो म्हणतो, "हो, कमी केला," आणि पट्टी खाली येते. बत्तीला पत्ताच नाही. हा हुकूम कुठे पाठवायचा ते ठरवतं कर्नेल, म्हणजे सिस्टीमचा सगळ्यात आतला भाग, जो मशीनच्या एकेका तुकड्याशी बोलतो. एकेका तुकड्याशी कसं बोलायचं ते ज्यात लिहिलेलं असतं त्याला ड्रायव्हर म्हणतात. कर्नेलला फक्त एवढंच सांगायचं होतं, की हे मॉडेल दिसलं तर त्या रेग्युलेटरकडे जाऊ नको, या दुसऱ्याकडे जा.

मी विचारलं, "मग त्या टायवाल्याने पॅनल का बदललं?"

"का ते सांगू नका म्हणते ना मी," नंदा म्हणाली. पण थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "मी त्याच कंपनीत होते, काका. बारा वर्षं. फोनवर गिऱ्हाइकांना सांगायचे, पॅनल बदलू नका, हा सिस्टीमचा दोष आहे. एक दिवस साहेबांनी बोलावून कार्ड काढून घेतलं."

बारा वर्षं काम केलेल्या बाईला खरं बोलली म्हणून घालवलं, आणि टाय बांधून खोटं सांगणारा अजून काचेमागे बसलाय. हे ऐकून मला तिथल्या तिथे अंधेरीला जावंसं वाटलं. नंदा पेचकसाने एक्स-रेची चिकटपट्टी खरवडत होती.

काम आठ दिवस चाललं. सुमती कोर्टातून आली की चार ते सहा तिच्या खोलीत. नंदाचा एक नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि मशीन चाललं, तर कशामुळे चाललं ते कळत नाही. आमटीतही ती तेच करायची. आज चिंच जास्त, उद्या गूळ जास्त, दोन्ही एकदम कधी नाही. सुमती म्हणायची, "हिची आमटी चांगली व्हायला अजून चार वर्षं लागतील."

आठव्या दिवशी बटण दाबलं आणि उजेड उतरला. पायरीपायरीने. सुमतीने काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पडद्याकडे बघत बसली.

मला वाटलं झालं काम. नंदा म्हणाली, कुठे झालं? सिस्टीमचं अपडेट येत राहतं, दर वेळी तिने केलेली ही नवी जोडणी पुसली जाणार. "दर वेळी काकूंनी माझ्याकडे यायचं काय? मी उद्या नसले तर? आणि हे मॉडेल घेतलेले बाकीचे लोक कुठे जाणार?" हे मूळ कर्नेलमध्येच जायला पाहिजे. मग अपडेट येईल त्यातच ते असेल, कायमचं.

मूळ कर्नेलमध्ये घालायचं तर जगासमोर पाठवावं लागतं. तिकडचे जाणकार तपासतात, खोड्या काढतात. त्याची एक रीत आहे. खाली सही करायची की हे काम माझं. आणि आणखी ओळी लिहायच्या, दोष कोणी कळवला, तपासलं कोणी. नंदाने विचारलं, "काकू, तुमचं पूर्ण नाव इंग्रजीत सांगा."

"माझं कशाला? मी काय केलं?"

"कळवलंत तुम्ही. तपासताय तुम्ही. मी काय माझं नाव घालू तिथे?"

सुमतीने हजारो लोकांची नावं टाइप केली असतील. वादी, प्रतिवादी, साक्षीदार, वकील. टायपिस्टचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. त्या संध्याकाळी जेवताना ती मला म्हणाली, "अहो, जगात जाणार म्हणे." आणि मग दोन वेळा भात वाढून घेतला. बायको असं काही मागणारी नव्हती. तिला ते नाव तिथे पाहिजे होतं, हे मला तेव्हा कळलं. म्हणूनच पुढचा राग माझ्या डोक्यातून जात नाही.

तिकडून तीनदा परत आलं. एकदा कुठे मोकळी जागा जास्त सोडली म्हणून. एकदा नीट तपासा म्हणून. तेव्हा सुमतीने रेघांच्या कागदावर तक्ता केला. एकवीस पायऱ्या, प्रत्येक पायरीवर घरात किती दिसतं, छत्रीखाली किती दिसतं. तिसऱ्यांदा विचारणा आली, सगळ्यात खालची पायरी शून्य का नाही? नंदाने उत्तर लिहिलं, शून्यावर बत्ती पूर्ण विझते, म्हणून खालची पायरी शून्याच्या थोडी वर ठेवली आहे, तपासणाऱ्या बाई त्याच पायरीवर काम करतात. मग शांतता. चार आठवडे, पाच आठवडे.

आणि मग ते मूळ कर्नेलमध्ये गेलं. दुसऱ्याच्या नावाने.

नंदाने दोन कागद छापून माझ्यासमोर ठेवले. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण वायरिंगचे दोन नकाशे एकच आहेत का, ते मला लांबूनही कळतं. तेच होतं. तिच्याच जुन्या साहेबाने कंपनीच्या पत्त्यावरून पाठवलेलं. कंपनीचंच मशीन, कंपनीचाच माणूस, लगेच घेतलं. खाली त्याची सही. सुमतीचं नाव नाही, नंदाचं नाव नाही. आणि एक आकडा बदललेला, खालची पायरी शून्य. नंदाने तिकडे पत्र लिहिलं. साहेबाचं उत्तर आलं, कंपनीच्या अंतर्गत तपासणीत हा दोष आम्हालाच सापडला होता.

नंदा ओरडली नाही. स्टीलचा ग्लास घेऊन मोरीत गेली आणि तो एकच ग्लास बराच वेळ धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अंधेरीला गेलो. मी मुद्दाम गेलो, कारण शिव्या द्यायला कोणीतरी पाहिजे होतं आणि ते काम नंदाला जमण्यातलं नव्हतं. साहेब खाली रिसेप्शनपर्यंत आला. गोरा, नीटनेटका, गोड बोलणारा.

"अरे नंदा. किती दिवसांनी. चहा?"

"सर, शून्य का घातलंत?"

तो माझ्याकडे बघायला लागला. "काय?"

"खालची पायरी शून्य केलीत. शून्यावर बत्ती विझते. तपासलंत का?"

"नंदा, तू अजून तशीच आहेस. शून्यावर कोण जातं? कुठलाच कस्टमर एवढा खाली जात नाही."

"एक जातात."

"एका माणसासाठी कोणी ड्रायव्हर लिहीत नाही."

मी तेव्हा पुढे झालो आणि मालवणीत त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. वॉचमनने आम्हाला दारापर्यंत आणून सोडलं. बिचारा कुडाळचा निघाला, हळूच म्हणाला, "काका, बरा बोललास, पण आता जा."

बसस्टॉपवर मी नंदावर चिडलो. "त्याला चोर का नाही म्हणालीस तोंडावर?"

"चोर म्हटलं असतं तर तो चोरीवर बोलत बसला असता, काका. मला शून्याबद्दल बोलायचं होतं."

मला ते पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. चोराला चोर म्हणावं. पण पुढे काय झालं ते ऐका.

तीन आठवड्यांनी अपडेट आलं. कंपनीचं शून्य त्यात होतं. सुमती नेहमीसारखी सगळ्यात खालच्या पायरीवर होती. समोर एक बाई बसलेली, पोटगीची केस, अकरा वाजता पुकारा. प्रतिज्ञापत्र अर्धं झालं होतं आणि पडदा काळा पडला. मशीन चालू, बत्ती तेवढी विझलेली. अशा वेळी पडद्याजवळ टॉर्च धरला तर अक्षरं पुसट दिसतात. ते नंदाने तिला कधीतरी सांगितलेलं. त्या बाईने मोबाइलचा टॉर्च पडद्याला टेकवून धरला आणि सुमतीने बाकीचं टाइप केलं. बरंचसं न बघता, बोटांच्या हिशोबाने, आणि शेवटी वाचून बघताना टॉर्चच्या झोतात डोळा घालून. त्या बाईचा कागद वेळेवर गेला. सुमती घरी आली तेव्हा डावा डोळा मिटलेला होता, पाणी गळत होतं. चार दिवस खोलीचे पडदे लावून बसली.

नंदा वर आली, पलंगाशी बसली. मला वाटलं आता तरी साहेबाला शिव्या घालेल. तिने वही काढली. "काकू, काय झालं ते सांगा."

सुमतीने मिटल्या डोळ्यांनी सांगितलं. एक, दोन, तीन, चार.

नंदाने ते तसंच तिकडे पाठवलं. या वेळी दोष कळवणाऱ्याचं नाव सुमती गवस, आणि कोणी पुसू शकणार नाही अशा जागी, सगळ्यांसमोर. तिच्या लॅपटॉपवर तात्पुरती जोडणीही करून दिली. मग पुन्हा पत्रं, पुन्हा प्रश्न, पुन्हा आठवडे. कंपनीच्या साहेबाने लिहिलं, एकाच व्यक्तीची तक्रार आहे. एक व्यक्ती. बघा.

दोन महिन्यांनी सुमती गेली. सकाळी डबा भरताना ओट्याशी बसली आणि मग उठली नाही. हृदय.

माणसं भेटायला आली. सगळे म्हणत होते, सुटली बिचारी. एकजण म्हणाला भाग्याने गेली, हात-पाय धड असताना. नंदा कोपऱ्यात उभी होती. म्हणाली, "सुटल्या कुठे? त्यांना जायचं नव्हतं. चार अर्ज अर्धे राहिलेत मशीनमध्ये." बायका तिच्याकडे बघतच राहिल्या. सेक्रेटरीच्या बायकोने तर तिला बाहेर जा म्हणून खूण केली. त्या सगळ्या घरात मला बरं वाटलं असेल तर त्या एका वाक्याने. तीन दिवसांनी ती येऊन ते चार अर्ज काढून घेऊन गेली आणि कोर्टाबाहेर ज्याचे त्याला पोचवून आली.

महिन्याभराने ती पुन्हा वर आली. तिकडून उत्तर आलं होतं. दुरुस्ती मान्य आहे, पण सुधारलेली जोडणी त्याच मॉडेलवर एकदा तपासून पाहिजे. "हे मॉडेल माझ्याकडे नाही, काका. काकूंचं आहे."

लॅपटॉप कपाटात होता, सुमतीच्या साडीत गुंडाळून ठेवलेला. मी काढला. नंदाने तिचं काम केलं आणि मशीन माझ्यासमोर सरकवलं. "मी बघितलेलं चालणार नाही. लिहिणाऱ्याने स्वतःचं तपासायचं नसतं. बटण दाबा. प्रत्येक पायरीला सांगा."

मी दाबत गेलो. दिसतंय. दिसतंय. कमी झालं, दिसतंय. एकवीस पायऱ्या. सगळ्यात खालच्या पायरीवर मला वाटलं विझला. पण नाही. संध्याकाळी देवाजवळ लावतो तेवढा उजेड होता आणि त्यात सुमतीने शेवटी उघडलेला कागद दिसत होता, कोणाचा तरी नावबदलाचा अर्ज.

"दिसतंय," मी म्हणालो.

नंदा लिहायला लागली. मी म्हणालो, "तपासणारी सुमती गवस. तिचंच नाव घाल."

"दोष कळवला काकूंनी, ते नाव आहेच. तपासलं तुम्ही."

"मी म्हणतो ना तिचं घाल."

"त्यांनी आधीची जोडणी तपासली होती. ही त्यांनी बघितलेली नाही, काका."

मला राग आवरला नाही. मी म्हणालो, "तुझ्या त्या साहेबाने तिचं नाव खाल्लं. त्या शून्याने तिचा डोळा घालवला, त्या डोळ्याच्या त्रासानेच ती गेली. आणि तू आता एका ओळीसाठी मला नियम शिकवतेस?"

ती हळू म्हणाली, "डोळा सुजला, ते झालं. दोन महिन्यांनी हृदय बंद पडलं, तेही झालं. मधली दोरी तुम्ही बांधताय. साहेबांनी जे केलं नाही ते मी त्यांनी केलं म्हटलं, काकूंनी जे तपासलं नाही ते तपासलं म्हटलं, तर मग त्यांच्यात आणि माझ्यात काय राहिलं?"

"चालती हो," मी म्हणालो. तिने पेनं खिशात लावली आणि गेली. जाताना लॅपटॉपचं झाकण लावलं, हळू.

दीड महिना आम्ही बोललो नाही. जिन्यात समोर आली तर मी भिंतीकडे बघायचो. सांगायला लाज वाटते, पण सेक्रेटरी तिला येडी म्हणाला तेव्हा एकदा मीही मान हलवली होती.

मग एक दिवस दाराच्या फटीतून एक कागद आत आला. इंग्रजी, बारीक. वरती काही, खाली काही. मी तो खिशात घालून कोर्टावर गेलो. सुमतीच्या शेजारच्या टेबलावर पाटकर बसतो, जुना टायपिस्ट, त्याला दिला. त्याने चष्मा वर करून वाचलं.

"गवस, हे तुमच्या सिस्टीमवाल्यांचं दिसतंय. स्वीकारलं म्हणतात. खाली नावं आहेत."

"वाच."

"दोष कळवणार, सुमती गवस. त्याच्या खाली, तपासणार, विठ्ठल गवस. त्याच्या खाली सही, नंदा साळवे."

"त्या कंपनीच्या साहेबाचं नाव?"

"चौथं नाव तिकडच्या कोणाचं तरी आहे, घेणाऱ्याचं. कंपनीचं कोणी नाही." मग तो म्हणाला, "वहिनींचं नाव बरोबर आलंय हो. एकदम सरळ."

त्याने मला पाणी दिलं. मी थोडा वेळ तिच्या जागेवर बसलो. छत्री आता दुसऱ्या कोणाची आहे. नंदाने माझं ऐकलं असतं तर दोन्हीकडे सुमतीचंच नाव असतं, आणि त्यातलं एक खोटं असतं, आणि कुठलं ते मला कायम माहीत असतं.

परत आलो तर गेटवर रिक्षा उभी. नंदा आत खोकी रचत होती. नाशिकला एका कॉलेजात मशीनं दुरुस्त करायची नोकरी लागली होती, खोलीही सोसायटीला परत हवी होती. रिक्षा तिला बसस्टँडला सोडणार होती.

"वाचून घेतलंत?" तिने विचारलं.

"घेतलं."

मी काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत आलो होतो. म्हणालो, "नंदा, त्या दिवशी मी जे बोललो–"

"काका, आजच्या अपडेटमध्ये आपलं आहे," ती म्हणाली. "मशीन लावा, अपडेट घ्या, पार खालच्या पायरीवर न्या. दिसलं तर मला काही कळवू नका. विझलं तर लगेच फोन करा."

मी एक खोकं उचलून आत दिलं. जड होतं, आत लॅपटॉपचे जुने पडदे. ती मांडीवर घेऊन बसली. रिक्षा निघाली आणि नाक्यावरच्या सिग्नलला थांबली. तिथे ऊन एकदम तोंडावर येतं. ती पुढे वाकून दोन्ही हातांची ओंजळ मीटरवर धरून आकडे वाचत होती आणि रिक्षावाल्याला काहीतरी विचारत होती. तो मान मागे वळवून, हात हलवून लांबलचक कारणं सांगत होता. ती मान हलवत होती, नाही, ते नाही, काय झालं ते सांगा म्हणत असणार. सिग्नल सुटला तरी त्याचं चालूच होतं, मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या.

मशीन मी त्याच दिवशी लावलं. नंदाला अजून फोन केलेला नाही.